नवव्या पट्टीवरचं शहर

१२ नोव्हेंबर

ती. काकांस,

नमस्कार. काम निघाल्याशिवाय मला काका आठवत नाहीत, असं तुम्ही गेल्या भेटीत बाबांना सांगितलंत. बरोबर आहे. काम निघालंय.

मला इथून समुद्राकाठच्या जुन्या दीपस्तंभापर्यंत सायकलनं जायचंय. बारा दिवस, साधारण आठशे किलोमीटर. अट एकच, वाटेत एकही शहर लागता कामा नये. दोन वर्षांपूर्वी दवाखान्याजवळच्या चौकात बसनं मला उडवलं, ते तुम्हाला ठाऊक आहेच. खांद्याचं हाड जुळलं, सायकलही सरळ झाली, पण मागून मोठ्या गाडीचा आवाज आला की माझे हात ब्रेकवर गोठतात. दिवसभर लोकांच्या जबड्यात ड्रिल घालणारी बाई मी, आणि रिकाम्या टेम्पोला घाबरते. नवऱ्याला कबूल केलंय की हा प्रवास पार पडला तर सायकल राहील, नाही तर विकायची. तो आत्ताच गिऱ्हाईक शोधतोय. त्याचं ते ‘मी म्हटलं नव्हतं?’ ऐकायला लागू नये म्हणून तरी मला पोचलंच पाहिजे.

सायकल क्लबातल्या लोकांना विचारून पाहिलं. पोट सुटलेले गृहस्थ, अंगाला चिकटलेले भडक कपडे, आणि सायकलीपेक्षा सायकलीबद्दलचं बोलणं जास्त. त्यांनी काढून दिलेल्या मार्गात सात शहरं होती, कारण प्रत्येक शहरात त्यांना कॉफी प्यायची असते. फोनला विचारलं, तर त्यानं मला भर बाजारपेठेतून नेलं आणि वर चार मिनिटं वाचली म्हणून सांगितलं. तुम्ही बत्तीस वर्षं मोजणी खात्यात नकाशे काढलेत. या कामाला तुमच्याइतका माणूसघाणा दुसरा माणूस माझ्या ओळखीत नाही.

तुमची,
पुतणी

२० नोव्हेंबर

चि. दातवालीस,

अनेक आशीर्वाद, त्यातले अर्धे तुझ्या अकलेसाठी राखीव.

शहर टाळायची तुझी इच्छा ही तुझ्या आयुष्यातली पहिली शहाणपणाची गोष्ट. त्यासाठी बसखाली जावं लागलं, याचं वाईट वाटतं. मी बत्तीस वर्षं शहरं जवळून पाहिली आहेत, म्हणजे कागदावर, गुलाबी रंगात. नकाशावर वस्तीला गुलाबी छटा देतात. दर दहा वर्षांनी नवी आवृत्ती काढायची म्हटलं की तो गुलाबी रंग खरजेसारखा पसरलेला असायचा. माझी व्याख्या साधी आहे. रस्ता ओलांडायला माणसाला जिथे दिव्याची परवानगी लागते ते शहर. बाकी लोकसंख्या वगैरे मोजत बसायला कारकून आहेत.

तुझा मार्ग मी काढून देतो. बारा दिवसांच्या बारा पट्ट्या, ट्रेसिंग कागदावर, हातानं. फोनवर एक शब्दही विचारायचा नाही. फोनवर माणूस विचार करायच्या आधी बोलतो, आणि तुझ्या घराण्यात ती सवय आधीच आहे. शंका असेल तर पत्र लिही. मुक्कामाच्या गावी पोस्ट असेल असं मी बघीन, म्हणजे तुला माझी पत्रं वाटेत मिळतील आणि तुझी मला.

आणि हो, मला सायकल चालवता येत नाही. कधीच येत नव्हती. हे तू तुझ्या क्लबातल्या रंगीत पोटांना सांगितलंस तरी माझी हरकत नाही.

काका

२ जानेवारी

ती. काकांस,

पट्ट्या मिळाल्या. खोटं कशाला बोलू, तासभर बघत बसले. पाणवठा कुठे, चढ कुठे, कुत्री कुठल्या वस्तीत असतील याचा अंदाजसुद्धा. माझ्या नवऱ्यानं पट्टी उजेडात धरून बघितली आणि म्हणाला, हे फोटोकॉपी वाटतंय. त्याला हातानं केलेली कुठलीच गोष्ट ओळखू येत नाही.

पण नवव्या पट्टीचं काय? आठ दिवस तुम्ही मला शेताच्या बांधासारखं सरळ नेलंत, आणि नवव्या दिवशी एकदम चौसष्ट किलोमीटरचा वळसा. तोही कसला, तर त्यात नऊ किलोमीटर ट्रकांच्या मोठ्या रस्त्यावरून. काका, त्या रस्त्यावरून दिवसरात्र कंटेनर जातात. मी कशासाठी निघालेय हे विसरलात का?

वळसा ज्याला घातलाय ते ठिकाण मी फोनवर पाहिलं. (होय, पाहिलं. रागवा.) आकाशातून काढलेल्या फोटोत तिथे जेमतेम चाळीस छपरं दिसतात, एक गल्ली, एक विहीर आणि बाकी माळ. तुमच्या पट्टीवर मात्र तिथे चौक आहेत, आडवे-उभे रस्ते आहेत, आणि सगळं गुलाबी. हे कोणतं शहर?

पुतणी

११ जानेवारी

चि. दातवालीस,

तुझा फोन आकाशातून बघतो आणि मी जमिनीवरून. छपरं मोजून शहर ठरत असतं तर खुराडी ही राजधानी झाली असती. ते ठिकाण नागरी क्षेत्र आहे. खात्याच्या छापील नकाशावर आहे, आणि तो नकाशा मी काढलाय. माझ्या बैठकीच्या खोलीत चौकटीत लावलेला जो नकाशा तू लहानपणी बोटानं चिकट करायचीस, तोच. त्याच्याबद्दल मला निवृत्तीच्या दिवशी मानपत्र मिळालं. तुला दाढा उपटल्याबद्दल कुणी मानपत्र दिल्याचं ऐकिवात नाही.

शहर टाळायचं तर वळसा पडणारच. नऊ किलोमीटरनं कुणी मरत नाही. दुपारी दोन ते चार ट्रकवाले जेवून झोपतात, तेव्हा जा.

काका

१९ जानेवारी

काका,

‘नऊ किलोमीटरनं कुणी मरत नाही’ हे वाक्य मी तीनदा वाचलं. मला बसनं उडवलं तेव्हा मी घरापासून चारशे मीटरवर होते.

तुम्ही सगळ्या जगाला मूर्ख म्हणता ते मला चालतं, ऐकायला मजाही येते. पण तुमचा एक नकाशा खरा ठरावा म्हणून मला ट्रकांखाली ढकलत असाल तर तसं सरळ लिहा. एक दिवसाचा रस्ता, काका. माझी सायकल राहते की जाते, ते त्या एका दिवसावर आहे. शेवटचं विचारते, तिथे खरंच शहर आहे का?

१ फेब्रुवारीला निघतेय.

पुतणी

२५ जानेवारी

आहे. नकाशाप्रमाणे जा.

काका

५ फेब्रुवारी
(आठव्या मुक्कामाच्या पोस्टात, सायकलवरून येणाऱ्या बाईंसाठी ठेवून घ्यावे)

चि. दातवालीस,

तू निघून पाच दिवस झाले. पहिल्या दोन मुक्कामांवरची तुझी कार्डं आली. ‘उतार छान, कुत्री तुमच्या अंदाजापेक्षा तीन जास्त’ हे वाचून बरं वाटलं. पण मला जेवण जात नाही.

मोठ्या रस्त्यानं जाऊ नकोस. गावातून सरळ जा. तिथे शहर नाही. कधीच नव्हतं.

एकतीस वर्षांपूर्वी तिथे नवं शहर वसणार असा आराखडा आला होता. चौक, शाळा, बाग, सगळं आखलेलं. नकाशा छापायला जायचा होता आणि मोठे साहेब म्हणाले, टाकून द्या आत्ताच, दोन वर्षांत तिथे होणारच आहे. प्रत्यक्ष बघून यायला आमच्याकडे एक चेनमन होता, म्हणजे मोजणीची साखळी ओढणारा माणूस. तो गेलाच नाही, घरी बसून खोटी वही भरून दिली. मी त्या वहीवर विश्वास ठेवला. पुढे आराखडा बारगळला आणि माझं गुलाबी शहर तसंच राहिलं. चौकशी झाली, त्याला काढून टाकलं. एका आळशी माणसापायी माझ्या सगळ्यात सुंदर नकाशाला कलंक लागला, म्हणून आजवर कुणाजवळ बोललो नाही.

सरळ जा. आणि पोचल्याचं कळव, नाही तर मी इथे भिंतीकडे बघत बसेन.

काका

१० फेब्रुवारी
(नवव्या पट्टीवरच्या ‘शहरा’तून)

काका,

आठव्या मुक्कामाच्या पोस्टात तुमच्याकडून काही नव्हतं. मी दोनदा विचारलं. पोस्टातल्या बाई म्हणाल्या, आता काय माझ्याकडे बघून पत्र तयार होणार आहे का? म्हणून काल सकाळी मी तुमच्या नकाशाप्रमाणेच निघाले.

दोन वाजता मोठ्या रस्त्याच्या कडेला पोचले. ट्रकवाले झोपत नाहीत, काका. तासभर मी एक पाय टेकून उभी होते. तीनदा पेडलवर पाय ठेवला आणि तीनदा काढला. हात असे घट्ट झाले की ब्रेक सोडायला एकेक बोट दुसऱ्या हातानं उघडावं लागलं. नवऱ्याला फोन करून ‘ये घ्यायला’ म्हणायचं एवढंच बाकी होतं. नंबरही काढला होता. मग तुमचाच इतका राग आला की सायकल मागे वळवली आणि तुमच्या गुलाबी रंगात घुसले.

एक गल्ली. अडतीस घरं, मी मोजली. चौथीपर्यंतची शाळा, एक विहीर, तिच्यावर बायकांची रांग. रस्ता ओलांडायला एका शेळीचीसुद्धा परवानगी लागली नाही. येताना वाटेत एकानं विचारलं, ‘शहराला चाललात का?’ आणि बाजूचे सगळे खो-खो हसले. मला वाटलं माझ्या हेल्मेटला हसतायत. गावात शिरल्यावर पाटी दिसली, ‘शहर सायकल दुरुस्ती’. मागच्या चाकाची एक तार तुटली होती, म्हणून थांबले.

दुकानदार सत्तरीचा. जाड चष्मा, वरचे पुढचे चार दात गायब, खालचे मात्र अजून वीस वर्षं हलणार नाहीत असे. तो तार बसवत होता तेवढ्यात मी पट्टी काढून पुढचा रस्ता बघायला लागले. त्याची नजर कागदावर गेली आणि हात थांबले.

“हा सात कुणी काढला?” त्यानं विचारलं.

“माझ्या काकांनी.”

“पोटात आडवी रेघ मारलेला सात. अख्ख्या खात्यात एकच माणूस असा सात काढायचा.” मग चष्मा पुसून तो म्हणाला, “साहेब आहेत अजून? बरं झालं. एवढं मोठं शहर छातीवर घेऊन माणूस इतकं जगतो, हे बघून नवल वाटतं.”

हा तुमचा चेनमन, काका. तो इथे आला होता. त्या वर्षी उन्हात तीन दिवस साखळी ओढून त्यानं वही भरली. एकेचाळीस घरं, एक विहीर, रस्ता कच्चा. आजही पाठ आहे त्याला. ती वही त्यानं तुमच्या टेबलावर ठेवली, आणि चौकशीच्या दिवशी तुम्ही म्हणालात, हा माणूस गेलाच नव्हता, वही माझ्याकडे आलीच नाही. नोकरी गेली. ज्या शहरापायी नोकरी गेली ते एकदा डोळ्यांनी बघून यावं म्हणून तो परत इथे आला आणि राहिला. लग्न इथेच केलं.

“रागबिग येतो का?” मी विचारलं.

“कुणाचा? साहेबांचा? छे हो. राग माणसाचा येतो. साहेब म्हणजे नुसतं अक्षर. सुंदर अक्षर.”

एवढंच म्हणून तो परत तार घट्ट करायला लागला. असं शांतपणे थुंकताना मी कुणाला पाहिलं नव्हतं.

पुढचं ऐका. त्या मोठ्या रस्त्याला इथे जो बाक आहे ना, तो तुमच्या शहराला वळसा घालायला दिलाय. त्यामुळे बस अकरा किलोमीटर लांब थांबते. आणि खेड्यांसाठीच्या नळयोजनेचा अर्ज गावानं चार वेळा केला, चारही वेळा एकच उत्तर आलं, ‘सदर ठिकाण नकाशानुसार नागरी क्षेत्र असल्याने अपात्र.’ ती चारही पत्रं त्यानं दुकानात खिळ्याला अडकवून ठेवली आहेत. गिऱ्हाइकांना वाचून दाखवतो आणि लोक हसतात. विहिरीवरच्या बायका मात्र हसत नव्हत्या.

तुम्ही मला पाच दिवस आधी एक ओळ लिहू शकला असतात. लिहिली नाहीत. आज आता पुढे निघतेय. मला तुमच्याशी आत्ता एवढंच बोलायचंय.

२२ फेब्रुवारी

चि. पोरी,

तुझं पत्र आलं त्याच आठवड्यात माझं एक पत्रही परत आलं. ‘घेणार पुढे गेले’ असा शिक्का मारून. तुझ्या जाण्यानंतर दोन दिवसांनी ते आठव्या मुक्कामाला पोचलं होतं. मी लिहिलं होतं, याचा पुरावा म्हणून तुला पाठवता आलं असतं. पाठवत नाही. तू ते उघडलं नाहीस ते बरं झालं. त्यात शहर नाही एवढं खरं होतं, बाकी खोटं होतं. तुला कबुली देतानाही मी त्या माणसालाच पुढे केलं होतं. वयाच्या त्र्याहत्तराव्या वर्षी, पुतणीला, कुणी विचारत नसताना. यापेक्षा खालच्या पातळीला माणूस जाऊ शकतो का, हे तुझ्या क्लबातल्या पोटांना विचार, त्यांना खोलीचा अंदाज असेल.

त्याची वही माझ्याकडे आहे. कपाटात, वरच्या खणात, मानपत्राच्या खाली. फाडायला घेतली होती, पण त्याची अक्षरं इतकी ओबडधोबड आणि आकडे इतके नेमके होते की हात धजला नाही. चौकशीच्या दिवशी ती माझ्या पिशवीत होती. मोठे साहेब समोर बसले होते, माझी बढती त्यांच्या सहीवर होती, आणि तो दाराजवळ उभा होता, त्याला बसायला खुर्ची दिली नव्हती. मी त्याच्याकडे न बघता बोललो.

सगळी शहरं मी शिव्या देऊन पाहिली. एकट्या ह्या शहराला कधी नाव ठेवलं नाही, कारण तिथे माणसं नव्हती, नुसते माझे सरळ रस्ते होते. आता कळतंय की माणसंही होती.

तू पोचलीस का, एवढं कळव.

काका

३ मार्च

काका,

पोचले. बाराव्या दिवशी संध्याकाळी दीपस्तंभाच्या पायऱ्यांवर सायकल टेकवली आणि दहा मिनिटं वेड्यासारखी रडले. दहाव्या पट्टीवर एक ट्रक मागून आला होता. हात गोठले, पण थोडेच. नवऱ्यानं गिऱ्हाइकाला नको म्हणून कळवलंय. त्याचं तोंड बघण्यासारखं झालंय.

तुमच्या पत्रावर काय लिहू? मला कीव यायला हवी, पण ती येत नाहीये. किडलेला दात दिसला की मी रुग्णाला त्याबद्दल भाषण देत नाही, तो काढते. वही आणि खरा जबाब मोजणी कार्यालयात पाठवा. आणि त्याला स्वतः लिहा. पत्ता साधा आहे, शहर सायकल दुरुस्ती. पोस्टमनला ठाऊक आहे, तोही हसतो.

पुतणी

१७ मार्च

चि. दातवालीस,

दोन्ही केलं. वही नोंदणी टपालानं कार्यालयात गेली, सोबत माझ्या सहीचा जबाब, खोटं कुणी बोललं त्याच्या नावासकट. त्याला पत्र लिहिलं. चार कागद फाडले, पाचवा पाठवला. कार्यालयाचं उत्तर आठ दिवसांत आलं, आणि त्याचंही. कार्यालयाचं असं की जुनी वही चालणार नाही, जागेवर नवी मोजणी होऊन ती दाखल व्हावी. मोजणीला माणूस केव्हा मिळेल ते सांगता येत नाही. कारकून अजून तसेच आहेत. त्याचं पत्र खाली जसंच्या तसं उतरवतो, माझ्याच्यानं त्यात भर घालवत नाही.

“साहेब,
पत्र मिळालं. ‘माझ्या हातून चूक झाली’ असं तुम्ही लिहिलंय. चूक एकतीस वर्षं माझ्या नावावर आहे, ती मी कुणाला देणार नाही. तुम्ही केलं त्याला दुसरा शब्द शोधा, तुमची भाषा चांगली आहे. माफीचं मला काही करायचं नाही, दुकानात ठेवायला जागा नाही. वही पाठवलीत, पण कार्यालय नवी मोजणी मागणार, हे मी ओळखून आहे. तुम्ही या. साखळी माझ्याकडे आहे, ती खात्यानं परत मागितली नव्हती. या वेळी साखळी तुम्ही ओढायची. दाराजवळ मी उभा राहणार नाही, खुर्ची टाकून बसेन आणि वही लिहीन. ऊन असेल. टोपी आणा.”

माझे गुडघे कसे आहेत ते तुला ठाऊक आहे. तुझ्या काकूनं मला वेड्यात काढलं. मी चौकटीतला नकाशा उतरवला, मागे भिंतीवर स्वच्छ चौकोन राहिलाय, तो तिला आवडलेला नाही.

उद्या पहाटेच्या बसनं निघतोय. तू म्हणालीस तसं बस गावात जात नाही, मोठ्या रस्त्यावरच सोडते. पुढचे अकरा किलोमीटर चालत जायचे आहेत, सायकल मला येत नाही. गावाला वळसा घालणारा तो रस्ता माझ्याच नकाशावरून आखलाय, तेव्हा तक्रार कुणाकडे करणार. टोपी घेतली आहे.

काका